जुनं पुष्पक पुन्हा उडवायचं तर: कापड चढण्याआधीची कामं

आमचं पुष्पक, म्हणजे दोन माणसांचं जुनं कापडी विमान, पुण्याजवळ भोसरीच्या शेडवर टेंपोतून आलं. पंख काढून गोणपाटात गुंडाळले होते आणि सांगाड्यावरचा पिवळा रंग लांबून चांगला ठीकठाक दिसत होता. त्याच संध्याकाळी डाव्या पंखाच्या मुळाशी मी अंगठा दाबला, तर कापड जुन्या वर्तमानपत्रासारखं टर्रकन फाटलं. आत उंदराचं घरटं होतं. त्याच्या मुतानं ॲल्युमिनियमची फासळी इतकी खाल्ली होती की बोट लावलं की पांढरी भुकटी पडायची.

कापडी विमानाचं कापड म्हणजे पडदा आहे. एकदा तो चढला की पुढची कित्येक वर्षं आतलं काही धड दिसत नाही. तपासणीच्या भोकांतून टॉर्च मारून दिसेल तेवढंच. म्हणून खरी दुरुस्ती ही कापड चढण्याआधीची. रंगरंगोटीला लोक खूप वेळ देतात. तो वेळ सांगाडा, लाकूड आणि तारांना द्या. पुढचं सगळं याच क्रमानं सांगतो.

पुष्पकबद्दल थोडं सांगायला हवं. हे बंगळुरात, हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात तयार झालेलं विमान. तिथल्या रचना विभागाची धुरा तेव्हा डॉ. वि. मा. घाटगे यांच्याकडे होती. सप्टेंबर १९५८ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. अमेरिकेच्या एरोंका चीफवरून बेतलेलं, उंच पंखांचं, दोघं शेजारी-शेजारी बसतील असं, शेपटीला छोटं चाक असलेलं, ९० अश्वशक्तीच्या काँटिनेंटल इंजिनाचं. दीडशेच्या वर विमानं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एक पिढी त्यांवर शिकली. यातली बरीच आज कुठल्यातरी हँगरच्या कोपऱ्यात धूळ खात आहेत. पायपर कब, टायगर मॉथ किंवा दुसरं कुठलं जुनं हलकं विमान हाती लागलं तरी खाली लिहिलेलं बरंचसं लागू पडेल.

आधी कागद

पाना हातात घेण्याआधी तीन अनुक्रमांक जुळवून बघा: विमानाच्या पत्र्यावरचा, नोंदणीच्या कागदावरचा आणि लॉगबुकातला. लॉगबुकं तीन हवीत, सांगाड्याचं, इंजिनाचं आणि प्रोपेलरचं. “कागद मागाहून पाठवतो” असं विकणारा म्हणाला तर पैसेही मागाहूनच द्या. आम्ही दिले नाहीत असं नाही, दिले, आणि इंजिनाचं लॉगबुक सात महिन्यांनी हाती आलं, तेही अर्धी पानं भिजून एकमेकांना चिकटलेलं. ज्या नोंदी वाचता आल्या नाहीत ते काम झालंच नाही असं धरावं लागलं. इंजिन पूर्ण उघडण्याचा निर्णय तिथेच झाला.

दुसरा कागद माणसाचा. हाताने काम तुम्ही करा, पण प्रत्येक टप्प्यावर बघून सही करणारा परवानाधारक विमान देखभाल अभियंता किंवा मान्यताप्राप्त संस्था पहिल्या दिवसापासून बरोबर हवी. झालेल्या कामावर नंतर सही मागायला गेलात तर कुठलाही शहाणा अभियंता म्हणेल, उघडून दाखवा. पुण्यात हे नशीब आहे की लोहगाव, विश्रांतवाडी, विमाननगर या बाजूला हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ भरपूर आहेत. आमचे काका त्यातलेच. नागरी परवाना त्यांच्याकडे नव्हता, पण गंज वासावरून ओळखणारा माणूस शेडमध्ये असणं आणि सही करणारा अभियंता महिन्यातून दोनदा येणं, ही जोडी उत्तम चालली.

तिसरा कागद डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. मुंबईच्या विभागीय कार्यालयाशी सुरुवातीलाच लेखी बोला: विमानाची स्थिती काय, काय काय करणार, कुठलं साहित्य वापरणार, सही कोण करणार. नोंदणी रद्द झालेली असेल तर तो मामला वेगळा आणि लांबणारा. उत्पादकाची पुस्तिका आणि दुरुस्तीचे आराखडे मिळवा. त्यात नसलेल्या साध्या दुरुस्त्यांसाठी अमेरिकेच्या विमान प्रशासनाची ‘एसी ४३.१३-१बी’ ही पुस्तिका जगभर वापरतात. तुमच्या कामाला ती चालेल का हे आधी विचारून घ्या. इंजिन आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) यांच्यासाठी निघालेल्या सक्तीच्या सुरक्षा सूचनांची यादी काढून भिंतीवर लावा, एकेक पूर्ण झाली की तारीख टाका.

पुण्याचं वर्ष बघून काम वाटा

डोप नावाचं जे रसायन कापडावर चढवतात ते दमट हवेत फसतं. त्यातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी साय धरते. अशा थराला ताकद नसते. म्हणून जून ते सप्टेंबर डोपचा डबा उघडायचाच नाही. पावसाळ्यात इंजिन टेबलावर घ्या, मॅग्नेटो उघडा, कागद उरका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत कापड आणि डोप. एप्रिल-मेमध्ये लाकूड अगदी सुकं असतं, त्या मापानं घट्ट बसवलेला भाग जुलैत फुगतो, हेही लक्षात ठेवा.

उतरवणं

घाई इथेच होते. एकेक भाग काढण्याआधी चार बाजूंनी फोटो, मोजपट्टी शेजारी धरून. बोल्ट काढला की शक्य तिथे त्याच भोकात परत घाला, नाहीतर चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. जुन्या तारा कापून टाकू नका, नव्या तारांची लांबी त्यांच्यावरूनच मिळते. आणि जुनं कापड सोलून निघालं की कचऱ्यात टाकू नका. टाके किती अंतरावर होते, पाणी निचरायची भोकं कुठे होती, तपासणीची गोल झाकणं कुठे होती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या शेडच्या आढ्याला ती कापडं दोन वर्षं धोतरासारखी वाळत घातल्यागत टांगलेली होती, आणि रोज कुणीतरी शिडीवर चढून काहीतरी मोजत असे.

नळ्यांचा सांगाडा

शेपटीला चाक असलेलं विमान उभं राहतं ते मागे कलून. आत शिरलेलं पाणी वाहत वाहत शेवटी जमतं ते शेपटीजवळच्या खालच्या लांब नळ्यांत. गंज शोधायचा तर तिथून सुरुवात करा. या नळ्या पातळ असतात, बऱ्याच ठिकाणी भिंत जेमतेम एक मिलिमीटर. बाहेरून रंग शाबूत आणि आतून चाळणी, असं होऊ शकतं.

रंग काढताना वाळूचा जोरदार मारा करू नका. बारीक दाणा, कमी दाब. मग प्रत्येक नळी बोटभर अंतरावर टोकदार हातोडीनं हलकेच ठोका. चांगली नळी खणखणते. खराब नळीचा आवाज बद्द येतो, आणि टोक आत रुततं. काकांनी डाव्या खालच्या नळीवर तिसरा ठोका मारला, थांबले, तिथेच पुन्हा मारला. रंगाखाली लांबी भरलेली होती, गाडीचा पोचा बुजवायला भरतात तशी. कुणीतरी कधीतरी गंजलेल्या नळीवर लांबी लावून, घासून, वर पिवळा रंग मारून दिला होता.

“अरे, हे विमान असंच उडलं असेल काही वर्षं,” काका म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

अशी नळी कापून त्याच मापाची, त्याच जातीच्या पोलादाची नवी घालतात. जोड सरळ कापून टोकाला टोक लावायचा नसतो. आत किंवा बाहेर बाही बसवून, तिरपा किंवा माशाच्या तोंडासारखा काप घेऊन जोडतात, म्हणजे वेल्डिंगची रेघ एकाच वर्तुळात येत नाही आणि ताण पसरतो. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादावर वेल्डिंग झालं की पाणी मारू नका, वाऱ्याची झुळूकही नको. सावकाश गार होऊ द्या, नाहीतर जोड ठिसूळ होतो. भोसरीत उत्तम हात असलेले वेल्डर आहेत, पण रोजच्या जाड कामाची सवय इथे आड येते. त्याच नळीच्या तुकड्यांवर आधी दहा जोड करून घ्या, कापून आत बघा, आणि ते अभियंत्याला दाखवा.

दुरुस्ती झाली की नळ्यांच्या आत गरम जवसाचं तेल सोडून, सांगाडा सगळ्या बाजूंनी फिरवून, जादा तेल निथळू द्यायचं आणि भोकं बंद करायची. ही जुनीच पद्धत आहे आणि चांगली आहे. बाहेरून इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी. उघड्या पोलादाला हात लावायचा तर हातमोजे घाला. एका ऑगस्टच्या सकाळी मी संध्याकाळपर्यंत थांबू म्हणून सांगाडा तसाच ठेवला, आणि चहाच्या वेळेपर्यंत माझ्या पाच बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटले होते.

लाकडी स्पार

या जातीच्या बऱ्याच विमानांत पंखांचे मुख्य आडवे दांडे, म्हणजे स्पार, स्प्रूस लाकडाचे असतात. त्यांतली सर्वांत घातक इजा म्हणजे दाबानं पडलेली भेग. कधीकाळी पंखाचं टोक जमिनीला घासलं असेल, तर लाकडाचे धागे चिरडतात आणि रेषांना आडवी, केसासारखी बारीक खूण उरते. समोरून टॉर्च मारला तर ती दिसत नाही. खोली अंधारी करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश पाडा, आणि इंचाइंचानं पुढे सरका. स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून आधार देणारा तिरपा दांडा, जिथे पंखाला जोडतो ती जागा आणि फासळ्यांचे खिळे जिथे ठोकलेत त्या जागा दोनदा बघा. जुनं वार्निश काढल्याशिवाय हे बघून उपयोग नाही.

आडवी भेग सापडली तर तो स्पार गेला. त्यावर सरस लावून चालत नाही. नवं लाकूड विमानाच्या दर्जाचंच हवं, प्रमाणपत्रासकट. भवानी पेठेच्या लाकूडबाजारात सुंदर लाकूड मिळतं, पण यासाठी नाही. रेषांचा कल १५ इंचांत एका इंचापेक्षा जास्त नको, गाठ जवळजवळ नकोच, ओलावा साधारण ८ ते १२ टक्के हवा. विमानासाठी हे सगळं मोजून, लिहून दिलेलं असतं.

बोल्टांचंही तसंच. बोहरी आळीत जगातला कुठलाही नट-बोल्ट मिळतो असं आपण म्हणतो, आणि घरच्या कामाला ते खरंही आहे. विमानाचा बोल्ट मात्र ठरावीक मानकाचा असतो, डोक्यावर खूण असते, आणि त्याचा बिनआट्यांचा भाग नेमका जोडाच्या जाडीइतका निवडतात, म्हणजे आट्यांवर भार येत नाही. पुरवठादाराच्या प्रमाणपत्राशिवाय एकही बोल्ट शेडमध्ये येऊ देऊ नका. जुन्या बाजारात रविवारी जुनी विमानाची घड्याळं कधीकधी दिसतात. शोभेला जरूर घ्या.

इंजिन

इंजिन बाहेरून फिरतं म्हणून आतून ठीक आहे असं मानू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि त्यावरचे टॅपेट यांना गंजाचे खड्डे पडतात. तसंच चालवलं तर ते खड्डे धातू खरवडतात आणि तो कीस तेलात फिरतो. ज्याच्या नोंदी तुटक आहेत ते इंजिन पूर्ण उघडायचं, क्रँकशाफ्टची चुंबकीय तपासणी करायची, मापं काढायची. भोसरी-चाकण पट्ट्यात अशा तपासणीची यंत्रं गाड्यांच्या कारखान्यांमुळे पुष्कळ आहेत. पण विमानाच्या भागासाठी त्यांचा अहवाल ग्राह्य धरतात का, हे आधी विचारा.

जोडणीनंतर प्रत्येक सिलिंडरला ८० पीएसआय (दाबाचं माप) हवा देऊन किती टिकते ते मोजतात. आकड्याबरोबर आवाजही ऐका. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रबरी नळ्या सगळ्या नव्या, कितीही चांगल्या दिसल्या तरी. सुरुवातीचे तास साधं खनिज तेल.

इंधनाबद्दल कळकळीनं सांगतो: पंपावरचं पेट्रोल घालू नका. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर, कॉर्कचे तरंगे, टाकीचं जुनं लिंपण सगळं सैल करतं, आणि पाणी शोषून घेऊन टाकीत वेगळं बसतं. विमानाचं पेट्रोल, म्हणजे अवगॅस १०० एलएल, इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याजवळच्या कोयली शुद्धीकरण कारखान्यात बनवतं. ते मिळवायला खटपट पडते, ती करा. त्यात शिसं असतं आणि ही इंजिनं मुळात कमी शिशाच्या इंधनासाठी बनलेली, म्हणून प्लग लवकर मळतात. ते वरचेवर काढून साफ करावे लागतील.

ही इंजिनं बहुधा हातानं प्रोपेलर फिरवून सुरू करतात. मॅग्नेटो बंद असतानाही प्रोपेलर जिवंत आहे असंच समजून वागा, कारण मॅग्नेटोला इंजिनाच्या धातूशी जोडून ठिणगी थांबवणारी एक तार तुटली की स्विच बंद असूनही ठिणगी पडते. चाकांना अडण्या, शेपूट खुंटीला बांधलेली, आत जाणकार माणूस, आणि दोघांत ठरलेले मोठ्यानं बोलायचे शब्द. घाईत एकट्यानं कधीही नाही.

कापड

आता अभियंत्याला बोलवा. सांगाडा, पंख, तारांच्या वाटा, टाकी, सगळं उघडं असताना त्यांनी बघून लेखी होकार दिला की मगच कापड.

मूळ मान्यता सुती कापडाची असेल तर पॉलिएस्टरसाठी मंजुरी घ्यावी लागते. घ्या, कारण ते उन्हात पुष्कळ टिकतं. कापड सांगाड्याला चिकटवून मग इस्त्रीनं आवळतात. पहिला फेरा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, शेवटचा १७५ च्या आसपास. त्यापुढे गेलं तर कापड उलट सैल पडतं आणि पुन्हा आवळत नाही. घरच्या इस्त्रीच्या खुंटीवर विश्वास ठेवू नका, तव्याला थर्मामीटर लावून कुठल्या खुणेला किती तापते ते लिहून ठेवा.

मग टाके. पंख उभा करून दोन बाजूंना दोघं उभं राहतात, आणि फूटभर लांब सुई मेण लावलेला दोरा घेऊन आरपार जाते-येते. प्रत्येक फासळीला, प्रत्येक टाक्याला गाठ. अंतर विमानाच्या वेगावर आणि प्रोपेलरच्या झोताच्या जागेवर ठरतं. आराखडा आणि जुनं कापड दोन्ही बघा. आमचा पहिला पंख तीन रविवारी उसवावा लागला, कारण माझा ताण कधी घट्ट कधी सैल. चौथ्या रविवारी काका काकूंना घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या होत्या.

“दादा, दोरा ओढू नका, बसवा,” त्या म्हणाल्या. “घट्ट ओढलात तर ही तुमची फासळी वाकेल की!”

फासळी खरोखरच वाकते. त्यांनी गाठ एकदा बघून घेतली आणि उजवा पंख दोन दिवसांत झाला. अभियंत्यानं पट्टी लावून मोजलं, एकही टाका काढावा लागला नाही.

टाक्यांवर कंगोरेदार पट्ट्या, मग डोपचे थर, मग ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला रुपेरी थर. हा थर ऊन अडवतो, तो कमी करून रंगाचे थर वाढवू नका. आत दिवा ठेवून बघा. प्रकाश झिरपला तर थर अपुरा. डोप भयंकर पेटतो. सुती कपडे घाला, नायलॉन-पॉलिएस्टर नको, खेळती हवा ठेवा, शेडमध्ये स्विच दाबायची सवय त्या दिवसांपुरती मोडा.

जोडणी आणि वजन

कंट्रोलच्या तारांच्या टर्नबकलमध्ये, म्हणजे तार ताणायच्या आटेदार जोडात, दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसता कामा नयेत, आणि शेवटी सुरक्षेची तार. मग ज्या चुकीनं चांगल्या माणसांचे जीव गेलेत ती तपासा: कंट्रोल डावीकडे, तर डाव्या पंखाचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर आणि उजव्याचं खाली. उलट्या जोडलेल्या तारा हाताला अगदी मऊ लागतात, काही खटकत नाही. ज्यानं जोडल्या त्यानं नाही, दुसऱ्यानं तपासायच्या, आणि दोघांनी सह्या करायच्या.

विमान उड्डाणातल्या पातळीत आणून तीन काट्यांवर तोला. शेपटीकडे चढलेला रंग गुरुत्वमध्य मागे नेतो, म्हणून जुना आकडा वापरू नका. उपकरणं तपासून घ्या, होकायंत्र जुळवा, पट्टे नवे टाका.

पहिलं उड्डाण

परीक्षण उड्डाणाची परवानगी हातात आल्याशिवाय चाकं जमिनीवरून सुटता कामा नयेत. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे हे जमणं कठीण. बारामतीसारख्या धावपट्टीचा विचार करा. वैमानिक एकटाच, शेपटीचाकी विमानावर हल्लीच हात बसलेला.

आणि दिवस हिवाळ्यातला, सकाळ. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे १,८०० फुटांच्या आसपास आहे. मे महिन्याच्या ४० अंशांच्या दुपारी इथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,४०० फुटांवर आहोत असं वाटतं. जानेवारीत १५ अंशांना तोच आकडा २,४०० च्या आसपास असतो. ९० अश्वशक्तीच्या इंजिनाला हा फरक फार मोठा आहे: धाव लांबते, चढ मंदावतो, आणि काही बिघडलं तर हातात वेळ कमी उरतो.

पहिल्या फेरीत धावपट्टी सोडून दूर जायचं नाही. उतरलं की इंजिनाचं कवच उघडा आणि कोरड्या फडक्यानं प्रत्येक जोड पुसून बघा, कुठे तेलाचा ताजा ओघळ आहे का. दहा तासांनी तेल बदला, तेलाची जाळी काढून पांढऱ्या कागदावर झटका, चमकणारा कीस दिसतो का बघा. स्ट्रटचे आणि पंखांच्या मुळाचे बोल्ट पुन्हा तपासा. प्रोपेलर लाकडी असेल तर त्याचे बोल्ट पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा मोजून आवळा, आणि त्यानंतर दर मेच्या शेवटी आणि दर ऑक्टोबरात, कारण लाकूड पावसाळ्यात फुगून घट्ट होतं आणि दिवाळीच्या कोरड्या हवेत पुन्हा सैल पडतं.